खुंट आणि कलम : मुलांच्या कथेचे प्रौढ वाचन

१

मुलांसाठी रचलेल्या कथेतून प्रौढ वाचकाला काय मिळते, हा प्रश्न आपल्या समीक्षेने फारसा गंभीरपणे विचारलेला नाही. बालसाहित्याचा विचार आपल्याकडे झाला तो बहुधा मुलांच्या बाजूने : भाषा त्या वयाला झेपते का, विषय योग्य आहे का, संस्कार कोणता होतो. हे प्रश्न रास्तच आहेत. परंतु मुलांची कथा लिहितो तो प्रौढ, छापतो तो प्रौढ, विकत घेतो तो प्रौढ आणि पुष्कळदा मुलाला मांडीवर घेऊन वाचून दाखवतो तोही प्रौढच. या साऱ्या व्यवहारात त्याच्या स्वतःच्या मनाचे काय होते, ही बाजू मात्र अंधारात राहिली आहे.

क्वचित हा प्रश्न पुढे आला, तर त्याला दोन उत्तरे दिली जातात. पहिले स्मरणरंजनाचे. बालकथा वाचताना मोठ्या माणसाला हरवलेले बालपण क्षणभर गवसते, असे हे उत्तर सांगते. दुसरे बोधाचे. साध्या कथेत साधे सत्य असते आणि गुंतागुंतीच्या जगण्यात विसरलेले ते सत्य बालकथा पुन्हा आठवून देते, असे दुसऱ्याचे म्हणणे. ही दोन्ही उत्तरे खोटी आहेत असे नव्हे, पण ती अपुरी आहेत. पहिल्यात कथा केवळ निमित्तमात्र उरते. जुनी पेटी उघडल्यावर येणारा वास आणि कथा यांत मग फरक राहत नाही. दुसऱ्यात कथेचे सुभाषित होते.

वस्तुतः बोध हा या वाङ्मयप्रकाराच्या जन्मापासूनच त्याला चिकटलेला आहे. विष्णुशर्म्याने अमरशक्ती राजाच्या तीन जड बुद्धीच्या मुलांसाठी कथा सांगितल्या, असे ‘पंचतंत्रा’ची चौकट सांगते. त्याच कथा सहाव्या शतकात पहलवी भाषेत आणि आठव्या शतकात अरबीत गेल्या, त्या दरबारातल्या जाणत्यांनी वाचाव्यात म्हणून. मराठीत एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तंजावरच्या सरफोजी राजांच्या आश्रयाने इसापाच्या कथा ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने आल्या. १८२८ मध्ये सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ आले. १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपटे यांनी ‘आनंद’ मासिक सुरू केले. शिकवणे आणि रमवणे या दोन हेतूंमध्ये आपले बालवाङ्मय पहिल्यापासून हेलकावत आले आहे. या दोन्ही हेतूंत प्रौढ हा देणारा आणि मूल हे घेणारे, हे मात्र गृहीतच धरलेले असते.

प्रस्तुत लेखात मला या गृहीताकडेच पाहायचे आहे. माझे प्रतिपादन असे की, चांगल्या बालकथेत प्रौढाला उद्देशून लिहिलेला एक भाग असतो. मुलाला तो दिसत नाही, किंवा दिसला तरी कळत नाही. तो भाग वाचण्याऐवजी आपण त्याचा बोध करतो आणि तो मुलाच्याच अंगावर टाकतो. तो आपला आपण वाचणे, हा मुलांच्या कथेचा प्रौढाला होणारा खरा लाभ होय.

२

या विवेचनासाठी मी प्रथम अवधच्या मातीकडे वळतो. लखनौपासून सुमारे २५ किलोमीटरवर, हरदोईच्या रस्त्याला मलिहाबाद आहे. दशहरी आंब्याचे हे गाव. त्या आंब्याचे नाव जवळच्याच दशहरी या खेड्यावरून पडलेले. उर्दूतले थोर कवी जोश मलिहाबादी यांचा जन्म इथला. १९५०च्या दशकात ते पाकिस्तानात गेले आणि १९८२ मध्ये इस्लामाबादला निवर्तले. नावातले गाव मात्र अखेरपर्यंत सुटले नाही. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘यादों की बरात’ या आत्मचरित्रात त्यांनी मलिहाबादचे, तिथल्या घराण्याचे आणि लोपलेल्या अवधचे जग पुन्हा उभे केले. उर्दू गद्याचा तो एक वैभवशाली ग्रंथ आहे. परंतु बालपणाची आठवण आणि मुलांची कथा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अशा ग्रंथांवरूनच ध्यानात येते. आठवणीत सत्तरीचा कवी बोलतो. मूल हा त्याच्या बोलण्याचा विषय असतो आणि तो त्या मुलाकडे वरून, मायेने, कधी मिस्कीलपणे पाहतो. मुलांच्या कथेत ही पाहण्याची दिशाच उलटी होते. तिथे पाहणारे मूल असते आणि जगाची उंची त्याच्या डोळ्यांपासून मोजली जाते. स्मरणरंजनाचे उत्तर अपुरे ठरते ते इथे.

मलिहाबादच्या बागांतली दुसरी एक गोष्ट या विषयाला अधिक जवळची आहे. दशहरीची कोय पेरून दशहरी येईलच याचा भरवसा नसतो. म्हणून कलम बांधावे लागते. कोयीपासून वाढलेले रोप हा खुंट आणि त्यावर हव्या त्या जातीची काडी. फळाची जात काडी ठरवते; परंतु जमिनीची पकड आणि मुळातून चढणारा रस खुंटाचा असतो. मलिहाबादचे पद्मश्रीविभूषित बागवान कलीमुल्लाह खान यांनी एकाच झाडावर तीनशेहून अधिक जाती बांधल्या, त्याही सगळ्या एकाच मुळावर जगतात. कलम वठले तर खुंटालाच पुन्हा फुटवे येतात, हेही प्रत्येक बागवानाला ठाऊक असते.

लहानपणी ऐकलेली कथा ही मनाचा खुंट आहे आणि पुढचे वाचन, पुढचा अनुभव ही त्यावर बांधलेली काडी, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. लखनौचाच दाखला घेऊ. तिथल्या नवलकिशोर छापखान्याने १८८३ पासून ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे प्रचंड खंड प्रसिद्ध केले. दास्तान हा मोठ्या माणसांच्या मैफिलीचा प्रकार. पण गोरखपूरला राहणाऱ्या एका तेराएक वर्षांच्या मुलाला या तिलिस्माने झपाटून टाकले. तो मुलगा म्हणजे धनपतराय, पुढचे प्रेमचंद. मोठेपणी त्याच छापखान्याच्या ‘माधुरी’ मासिकाचे संपादन करण्यासाठी ते लखनौत राहिले, आणि १९३६च्या एप्रिलमध्ये प्रगतिशील लेखक संघाच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षपदही त्यांनी त्याच शहरात भूषविले. मोठ्यांची दास्तान एका मुलाला मिळाली. त्या मुलाने मोठेपणी जी कथा लिहिली, ती मुलांच्या पाठ्यपुस्तकांत गेली. कोणती कथा कोणत्या वयाची, याची आपण आखलेली कुंपणे किती तकलादू आहेत, हे यावरून दिसावे.

३

ती कथा म्हणजे १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘ईदगाह’. प्रेमचंदांनी ‘कुत्ते की कहानी’सारखे लेखन उघडपणे मुलांसाठी केले, ‘ईदगाह’वर तसा शिक्का त्यांनी मारलेला नाही. तो मारला तो शाळांनी. उत्तर भारतातल्या कित्येक पिढ्यांनी ही कथा पाठ्यपुस्तकात वाचली आणि ‘हामिदच्या स्वभावातील गुण सांगा’ अशा धर्तीच्या प्रश्नांची उत्तरे लिहिली.

कथा सर्वपरिचित आहे. आईबाप गमावलेला चार-पाच वर्षांचा हामिद ईदच्या जत्रेला जातो. सोबतचे सवंगडी मातीची खेळणी घेतात, मिठाई खातात. हामिद मात्र तीन पैशांचा चिमटा घेऊन घरी येतो, कारण तव्यावरची भाकरी काढताना आजीची, अमीनाची, बोटे भाजतात. मुलाला ही कथा आवडते ती तिच्यातल्या वादामुळे : चिमटा हा मातीच्या शिपायाहून, वकिलाहून, भिश्तीहून वरचढ आहे, हे हामिद ज्या चातुर्याने सिद्ध करतो त्यामुळे. दुबळा बाजी मारतो, हा बालमनाला सदैव प्रिय असलेला विजय त्यात आहे.

प्रौढ वाचक मात्र दुसऱ्याच ठिकाणी थबकतो, निदान त्याने थबकावे. घरात दोन आणे उरले आहेत. म्हणजे आठ पैसे. तीन हामिदच्या खिशात, पाच अमीनाच्या बटव्यात. त्या पाच पैशांत सण साजरा व्हायचा आहे आणि सणाला दारी येणाऱ्या धोबिणीला, न्हाविणीला शेवया द्यायच्या आहेत. पोराच्या पायांत जोडा नाही. एवढी वाट तो कसा चालेल? त्याला कडेवर घेऊन आपणच जावे, तर शेवया कोण शिजवणार? हा सगळा हिशेब कथेच्या आरंभीच येतो. त्याच्याही आधी एक तपशील येऊन जातो : गावातले बाप सकाळपासून धापा टाकत चौधरी कायमअलीच्या घराकडे का धावत आहेत, हे मुलांना ठाऊक नाही. चौधरीने उसने द्यायचे नाकारले तर ईदचा मोहरम होईल, हे केवळ मोठ्यांनाच कळते.

हे जे ‘मुलांना ठाऊक नाही’, ते प्रेमचंद कोणाला सांगत आहेत? कथेतल्या मुलांना नव्हे, आणि त्यांच्या वयाच्या वाचकालाही ते पुरते उमगणार नाही. ते सांगणे आपल्यासाठी आहे. शेवटीही असेच होते. अमीना आधी रागावते, मग रडू लागते. म्हाताऱ्या हामिदपुढे अमीना जणू लहान मुलगी होते. आणि या रडण्याचे मर्म हामिदला कळत नाही, असे लेखक सुचवतो. मुलाच्या समजुतीची हद्द संपते त्याच्या एक पाऊल पलीकडे कथा संपते. तिथे उभा असतो तो केवळ प्रौढ वाचक.

आता शाळेतला प्रश्न पुन्हा पाहावा. हामिदच्या ‘त्यागा’चे आपण मुलांना कौतुक सांगतो. पण चार-पाच वर्षांच्या पोराला त्याग का करावा लागावा? ज्या गावात सण साजरा करायला बापांना उसनवारीसाठी धावावे लागते, त्या गावाची मांडणी कोणी केली? हामिदने केली नाही. त्यागाचा बोध मुलाला दिला की या प्रश्नातून प्रौढाची सुटका होते. बोध हे इथे प्रौढाने स्वतःच लिहून घेतलेले सुटकेचे पत्र ठरते. हामिद हा मुलाच्या मानाने फार समंजस आहे, हा त्याच्यावरचा आक्षेपही या दृष्टीने पाहावा. त्याच्या समंजसपणात अकाली ओसरलेले बालपण आहे आणि प्रेमचंदांनी ते लपवलेले नाही : खेळणी हातात घेऊन पाहण्यासाठी हामिदचा जीव किती आसुसला होता, हे त्यांनी सांगूनच ठेवले आहे.

४

ज्या वर्षी ‘ईदगाह’ प्रसिद्ध झाली, त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, तेहेतीस वर्षांच्या एका सत्याग्रह्याने मोजक्या दिवसांत एक पुस्तक लिहून काढले. साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ १९३५ मध्ये छापले गेले, आणि आचार्य अत्रे यांनी त्यावर काढलेल्या चित्रपटाला पहिल्याच राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. दोन्ही लेखकांचा एकमेकांशी संबंध नाही. भाषा वेगळी, धर्मसमाज वेगळा, मुलूख वेगळा. एक साम्य मात्र सहज नजरेत भरते : गुरुजींचे पालगड हे दापोली तालुक्यातले गाव, म्हणजे तेही आंब्याकलमांच्याच मुलखातले. त्याहून महत्त्वाचे साम्य दोन्ही कृतींच्या अंतरंगात आहे.

‘श्यामची आई’ हे मराठीतले सर्वांत लाडके मुलांचे पुस्तक. परंतु त्या पुस्तकात गोष्ट ऐकणारे कोण आहेत? आश्रमातला श्याम रात्री प्रार्थनेनंतर आपल्या सोबत्यांना आठवणी सांगतो. अशा बेचाळीस रात्री. ऐकणारे सोबती कर्ते आहेत, सार्वजनिक कामाला लागलेले आहेत. म्हणजे आपल्या या बालसाहित्याच्या मानदंडाने आपल्या पहिल्या श्रोत्यांत प्रौढांना बसवलेले आहे. हे स्थान आपण रिकामे ठेवले आणि पुस्तक मुलांच्या हाती देऊन मोकळे झालो.

त्या स्थानावर बसून पुस्तक वाचले तर काय दिसते? स्नानानंतर तळवे मळू नयेत म्हणून आईने धोंड्यावर आपले ओचे पसरले, हा प्रसंग प्रत्येक मराठी मुलाला माहीत आहे. पायांप्रमाणे मनही स्वच्छ ठेव, हा बोधही पाठ आहे. पण अळणी भाजीची गोष्ट घ्यावी. आई भाजीत मीठ घालायला विसरली. वडील काही न बोलता जेवले. त्यांचे पाहून श्यामही गप्प राहिला. मागाहून स्वतः जेवायला बसल्यावर आईला चूक कळली आणि ती हळहळली. मुलाला यातून ‘अन्नाला नावे ठेवू नयेत’ हे शिकवता येते. प्रौढ वाचकाला मात्र त्या घरातली एक घट्ट रचना दिसायला हवी : रांधणारी सर्वांत शेवटी जेवते, म्हणून तिची चूक तिला सर्वांत शेवटी कळते. वडिलांच्या मौनातली कोमलता खरी आहे, आणि त्या कोमलतेला सामावून घेणारी विषमताही तितकीच खरी आहे. गुरुजी दोन्ही जसेच्या तसे ठेवतात.

याहून मोठी गोष्ट कर्जाची. पुस्तकाच्या उत्तरार्धावर सावकारी कर्जाची छाया सतत पडलेली आहे. वसुलीला आलेला माणूस ओटीवर बसून अपमानाचे शब्द बोलतो. नेहमी सोसणारी आई त्या दिवशी उसळून उठते. पुढे जप्ती येते, घराची अब्रू वेशीवर टांगली जाते आणि आईचे दुखणे त्या चिंतेबरोबर वाढत जाते. मूल वाचताना आईच्या मायेपाशी रडते. प्रौढ वाचकाला कळते की आई आजाराने जितकी खचली तितकीच कर्जानेही खचली.

दोन्ही कृतींच्या पार्श्वभूमीला कर्ज असावे, हा योगायोग निव्वळ वरवरचा नाही. कथेतला काळ दोघांचा वेगळा आहे. गुरुजी विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतले कोकण सांगतात. पण दोन्ही लिहिल्या गेल्या त्या मंदीच्या ऐन तडाख्यात. १९२९ नंतर शेतमालाचे भाव कोसळले, कर्जाचे आकडे मात्र तसेच राहिले, आणि खेड्यापाड्यांतला कुणबी सावकाराच्या वहीत अधिकच रुतला. त्या वर्षांत या दोन लेखकांनी मुलाच्या डोळ्यांनी घर पाहिले, तेव्हा त्या घराच्या कोपऱ्यात त्यांना कर्ज दिसणे अपरिहार्य होते. मुलाला ते कोपऱ्यातच दिसते. तो कोपरा उजळणे हे प्रौढ वाचकाचे काम.

५

इथे एक आक्षेप संभवतो. ‘ईदगाह’ मूळची बालकथा नव्हे, ‘श्यामची आई’त प्रौढ श्रोते आहेत, मग निखळ मुलांसाठी, केवळ त्यांच्या आनंदासाठी लिहिलेल्या कथेचे काय? आक्षेप योग्य आहे, म्हणून पुन्हा लखनौचेच एक उदाहरण घेतो. सत्यजित राय यांनी आपल्या आजोबांनी, उपेंद्रकिशोरांनी, काढलेले ‘संदेश’ हे मुलांचे मासिक १९६१ मध्ये पुन्हा सुरू केले. त्यात १९६६-६७ मध्ये त्यांनी ‘बादशाही आंगटी’ ही फेलूदाची रहस्यकादंबरी क्रमशः लिहिली. ती लखनौत घडते. औरंगजेबाची म्हणून समजली जाणारी अंगठी, इमामबाड्याचा भुलभुलैया, खाजगी प्राणिसंग्रह बाळगणारा एक गृहस्थ : सारे काही मुलांना खिळवून ठेवणारे. बोधाचा इथे लवलेशही नाही.

तरीही प्रौढाने ती वाचावी. कथा सांगतो तो तोपशे, फेलूदाच्या नात्यातला लहान भाऊ. मोठी माणसे बोलतात, हा ऐकतो आणि पाहतो. त्याच्या नजरेतून आपण पाहू लागलो की मोठ्यांच्या गतकाळाशी असलेल्या नात्यातला लोभ उघडा पडतो. त्या अंगठीभोवती वडीलधारी माणसे घोटाळतात ती ती आपली व्हावी म्हणून, किंवा आपल्याकडून जाऊ नये म्हणून. मुलाला फक्त तिचे काय झाले हे जाणायचे असते. इतिहास आपल्या मालकीचा असावा असे वाटणे आणि तो समजावा असे वाटणे, यांतला भेद एवढ्या हलक्या हाताने दाखवणारे लेखन प्रौढांच्या वाङ्मयातही विरळाच. पुढे १९७७ मध्ये याच राय यांनी प्रेमचंदांच्या कथेवरून ‘शतरंज के खिलाडी’ हा लखनौच्याच ऱ्हासाचा चित्रपट काढला. त्याच्या प्रेक्षकाने ही बालकादंबरीही वाचावी. एकाच शहराकडे कलावंताने दोन उंचींवरून कसे पाहिले, हे त्याला कळेल.

६

या वाचनपद्धतीत एक धोका आहे आणि तो नोंदवणे आवश्यक आहे. प्रौढाने बालकथेत आपला भाग शोधावा, याचा अर्थ त्याने तीत गूढार्थ कोंबावेत असा नव्हे. चिमट्याचे प्रतीक करून हामिदला विसरणारे वाचन हे बोधवादी वाचनाइतकेच निष्ठुर आहे. चिमटा आधी चिमटा आहे. त्याने भाकरी उलटायची आहे. मुलाला मिळणारा आनंद प्रौढाच्या आकलनाने रद्द होत नाही. दोन्ही एकाच वेळी मनात जागे राहिले तरच वाचन पुरे होते. ‘श्यामची आई’वर अतिभावुकतेचा आरोप वारंवार झाला आहे, आणि काही प्रकरणांपुरता तो मान्य करावाच लागेल, गुरुजींचा उपदेश कधी कधी प्रसंगाच्या पुढे धावतो. पण त्या अश्रूंच्या आड वसुलीचा माणूस आणि शेवटी जेवणारी बाई किती स्पष्ट रेखाटली आहेत, हे आरोप करणाऱ्यांनीही क्वचितच पाहिले.

प्रौढांच्या वाङ्मयात नायकाला जे कळते, तेच बहुधा वाचकाला कळते; त्याहून जास्त कळले तर त्याचा उपयोग उपरोधासाठी होतो. मुलांच्या कथेत वाचकाला नायकाहून नेहमीच जास्त कळते, आणि तिथे उपरोधाला जागा नसते. कारण ज्याला कळत नाही ते मूल आहे आणि ज्याला कळते त्याच्या हाती सत्ता आहे. भाकरी त्याच्या हाती, पैसा त्याच्या हाती, शाळा आणि घर त्याच्या हाती. अशा स्थितीत कळणे म्हणजे उत्तरदायी होणे. ही जबाबदारीची जाणीव बालकथा जितक्या थेटपणे देते, तितकी इतर वाङ्मय क्वचितच देते. कारण तिथे आरोप करणारा कोणीच नसतो. हामिद तक्रार करत नाही, श्याम आईवर रुसला तरी तिला दोष देत नाही. तक्रार नसलेल्या त्या नजरेसमोर प्रौढाला स्वतःचा जबाब स्वतःच द्यावा लागतो.

साहित्याच्या विद्यार्थ्याला यातून एक साधे काम सुचवता येईल. लहानपणी वाचलेली एक कथा त्याने ग्रंथालयातून पुन्हा काढावी आणि त्या वेळी न कळता ओलांडून गेलेली वाक्ये तेवढी वहीत उतरावीत : कोणाकडे किती पैसे होते, कोण उपाशी राहिले, मोठी माणसे दाराआड काय बोलत होती. ती वाक्ये बहुधा छोटी असतील, कथेच्या ओघात चटकन निसटणारी असतील. मुलांनी ती ओलांडली, कारण ती त्यांच्यासाठी नव्हतीच. ती ज्याच्यासाठी लिहिली होती, त्याने मात्र ती वाचायला उशीर केला आहे.